वर्गापासून लॉगबुकापर्यंत : मराठीचे शिक्षक आणि पुढे शाळा तपासणारे अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी

दर जूनमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी घरी येतं. हातात स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक असतं. "मॅडम, शाळा तपासणारा अधिकारी व्हायचंय, कुठून सुरुवात करू?" मी आधी एवढंच विचारते, की दुसरीतलं मूल अडखळत वाचत असताना त्याच्याशेजारी बसून अख्खं पान ऐकलंय का कधी? ऐकलं नसेल तर सुरुवात तिथूनच करायची. पुण्याच्या पेठेतून निघून मी मराठीची शिक्षिका झाले आणि पुढे विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या वाटेवर काय काय लागतं ते इथे क्रमाने सांगते.

आधी पदांची नावं नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्या आजोबांच्या पिढीत शाळा तपासायला येणाऱ्याला 'दिपोटी' म्हणत. १८५४च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक पत्राने, प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं आणि शाळा तपासणारे अधिकारी असावेत असं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तसं खातं उभं राहिलं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 'शिक्षण निरीक्षक' हे पदनाम आज तुम्हाला बृहन्मुंबईत दिसेल. पुणे जिल्ह्यात साधारण दहा-बारा शाळांच्या केंद्राला केंद्रप्रमुख, पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि कॅम्पातल्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. त्यांच्यावर विभागाचे उपसंचालक, मग संचालक, आणि सगळ्यात वर मध्यवर्ती इमारतीत शिक्षण आयुक्त. पुणे महापालिकेच्या शाळांचं शिक्षण खातं वेगळं, तिथे पर्यवेक्षक आणि सहायक शिक्षणप्रमुख असतात. गावातले लोक या सगळ्यांना एकाच शब्दात 'साहेब' म्हणतात. बाई असली तरी "साहेब आल्यात" असंच म्हणतात.

पहिली पायरी : कोणत्या वयाची मुलं शिकवायची ते ठरवा

हे आधी ठरवावं लागतं, कारण पदविका की बी.एड. हे त्यावरच ठरतं. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. लागते, जिला लोक अजून डी.एड.च म्हणतात. सहावीपासून पुढे पदवी आणि बी.एड. चालतं. पूर्वी बी.एड.वाले खालच्या वर्गांनाही अर्ज करायचे. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. फक्त बी.एड.च्या जोरावर आता पहिली ते पाचवीचं शिक्षक होता येत नाही. दरवर्षी दोन-तीन मुली तरी हे कळल्यावर माझ्यासमोर रडतात, म्हणून आधीच सांगते.

डी.एल.एड.चे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात आणि ती प्रक्रिया सदाशिव पेठेतली, कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन राबवते. बी.एड.ला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती निवडायच्या असतात. मराठी शिकवायचं असेल तर पदवीलाही मराठी असू द्या. 'दुसरी पद्धत म्हणून मराठी घेऊन टाकू, सोपी आहे' हा विचार मनातून काढून टाका. मातृभाषा बोलता येणं आणि ती शिकवता येणं यांत फार अंतर आहे. आरशात स्वतःचा चेहरा रोज दिसतो, पण त्याचं चित्र काढायला बसलो की हात अडतो, तसं होतं.

माझं मत विचाराल तर ज्याला पुढे शाळा तपासायच्या आहेत त्याने खालच्या वर्गापासून सुरुवात करावी. अक्षर आणि अर्थ यांची गाठ मुलाच्या डोक्यात कशी बसते हे पहिली-दुसरीत दिसतं. आठवीत दिसते ती गाठ बसली नाही तर काय होतं ते.

दुसरी पायरी : टीईटी आणि टेट

कानाला दोन्ही सारख्याच वाटतात, परीक्षा मात्र वेगळ्या आहेत. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. आपल्या राज्यात ती २०१३पासून होते आणि कॅम्पात लाल देवळासमोर असलेली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. खुल्या वर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. प्रमाणपत्राला आता मुदत नाही, ते आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी दिली असेल तर तीही धरतात.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर तुमची निवड होते ती या गुणांवर. ही चाचणी डिसेंबर २०१७मध्ये झाली, मग थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग २०२५च्या मे-जूनमध्ये. या तारखा सांगण्याचं कारण असं, की जाहिरात आल्यावर अभ्यासाला बसणाऱ्याची संधी हुकते आणि पुढची कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं. पदविकेच्या शेवटच्या वर्षापासून रोज तासभर तयारी करा.

टीईटीत तीस गुण पहिल्या भाषेचे आणि तीस दुसऱ्या भाषेचे असतात. मराठीवाले तीसपैकी तीस घेऊ असं समजून व्याकरणाकडे बघतच नाहीत आणि तिथेच सात-आठ गुण जातात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. ते पाठ करू नका. प्रत्येक नियमाला स्वतः वाचलेल्या मजकुरातली पाच-पाच उदाहरणं शोधून वहीत लिहा. वर्णमालेचा शासन निर्णयही मुळातून वाचा. ॲ आणि ऑ हे स्वर त्यात आहेत, ल आणि श यांचं वळण कसं असावं तेही आहे. फळ्यावर तुम्ही काढाल तो श तीस मुलं जन्मभर काढणार आहेत.

आणखी एक. पैसे देऊन पास करून देतो म्हणणारा माणूस या वाटेवर कधी ना कधी भेटतोच. २०१९-२०च्या टीईटीतल्या गैरप्रकारात सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, हे विसरू नका. असल्या माणसाचा फोन उचलू नका.

आधीच नोकरीत असलेल्यांसाठी एक गोष्ट. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, आणि पदोन्नती हवी असेल तर टीईटी हवीच. अधिकारी व्हायची इच्छा असलेल्या जुन्या शिक्षकांनी हे पुढे ढकलू नये.

तिसरी पायरी : पहिली नेमणूक

पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३पासून प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार मानधन आहे. त्याआधी प्राथमिकला ६ हजार होतं. पुण्यात खोली भाड्याने घेऊन १६ हजारांत भागत नाही. नेमणूक तालुक्यात मिळाली तर तिथेच राहा. राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात, शाळा मिळाली म्हणून तोंड पाडून बसू नका. माझी भाषा-शिक्षिका म्हणून जी काही घडण झाली ती अशाच एका डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत.

तिथला पहिला आठवडा सांगते. मधल्या सुट्टीत मुलं ओट्यावर बसली होती. एकाला विचारलं, "डब्यात काय आणलंस रे?" तो म्हणाला, "भाकर आन् कोरड्यास." मी नारायण पेठेत वाढलेली, हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. मी मोठ्या तत्परतेने म्हटलं, "कोरड्यास नाही, भाजी म्हणायचं." पोराने डबा बंद केला. त्यानंतर आठ दिवस तो वर्गात एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, ताप येऊन गेला असेल. माझ्या जोडीला असलेल्या गुरुजींनी एक दिवस हळूच सांगितलं, "बाई, कोरड्यास त्याची आई करते. भाजी पुस्तकात असते."

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'घरचा शब्द', उजवीकडे 'पुस्तकातला शब्द'. डावीकडे पहिला शब्द कोरड्यास लिहिला आणि त्यालाच विचारलं, की पुस्तकात याला काय म्हणतात? मग वर्गच सुटला. म्होरं आणि पुढे, व्हता आणि होता, वाईच आणि थोडं, कवाड आणि दार. वर्षअखेरपर्यंत त्या भिंतीवर शंभरावर जोड्या झाल्या. मुलांना दोन मराठी येऊ लागल्या आणि पहिली टाकून द्यावी लागली नाही. पुढे पंचवीस वर्षं शाळा तपासताना मी प्रत्येक वर्गात आधी हेच पाहत आले, की इथे मुलाच्या घरचा शब्द आत येतो का, की दाराबाहेर चपलांसोबत राहतो.

आज शहरातही हेच आहे, फक्त घरचे शब्द वेगळे. वाघोली, हिंजवडी, कात्रज या बाजूच्या शाळांत बांधकामावरच्या कुटुंबांतली मुलं येतात. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदीचे नाना प्रकार. यांना मराठी ही दुसरी, कधी तिसरी भाषा. त्यांना थेट 'अ अननसाचा' दाखवून उपयोग नाही, आधी दोन-तीन महिने कान तयार करावे लागतात. गाणी, सूचना, गोष्टी, एकमेकांना वस्तू मागणं-देणं असं सगळं तोंडी. घाईने अक्षरावर नेलेलं मूल अक्षरं ओळखतं, पण 'घर' वाचून त्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

चौथी पायरी : वर्गातली वर्षं वाया घालवू नका

तपासणीकडे जायचं म्हणून वर्ग म्हणजे फक्त पाय ठेवायची जागा असल्यासारखं वागणारे बरेच दिसतात. शाळेत येऊनही त्यांचं लक्ष खुर्चीकडे. कृपा करून तसं करू नका. किमान सात-आठ वर्षं मनापासून शिकवा आणि त्या काळात तीन वह्या ठेवा.

एक टाचणवही, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, ती सगळेच ठेवतात. पण रोज संध्याकाळी तिच्या समासात एक ओळ लिहा: आज काय फसलं. दुसरी वही मुलांच्या चुकांची. 'मूल चुकलं' एवढं न लिहिता नेमकं काय लिहिलं ते उतरवून घ्या. 'पाण्यात' ऐवजी 'पान्यात' लिहिणाऱ्याची चूक कानाची आहे, तो बोलतोच तसं. 'क्रम' ऐवजी 'कर्म' लिहिणाऱ्याची चूक डोळ्याची आहे, रफार आणि पायातला र त्याला एकच वाटतात. दोघांना एकच शिक्षा म्हणून दहा-दहा वेळा लिहायला लावलं तर दोघंही सुधारत नाहीत. तिसरी वही वाचनाची: कुठल्या मुलाने कुठलं गोष्टीचं पुस्तक नेलं, किती दिवसांनी आणलं, काय म्हणाला. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक मिळतील तिथून गोळा करा.

याच काळात केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादा पाठ घ्या, दुसऱ्याचे पाहा. लोणी काळभोरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणं होतात, तिथे फक्त हजेरीपुरतं जाऊ नका. कोथरूडला भारतीय शिक्षण संस्था आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी ती १९४८ साली मुंबईत सुरू केली आणि १९७६मध्ये ती पुण्याला आली. नाईक हे १९६४-६६च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरही आठवावेत. ते इथल्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य, मराठी व्याकरणाचे मार्मिक अभ्यासक आणि 'शालापत्रक'चे संपादक. शाळाखात्याचं काम आणि भाषेचा अभ्यास एकाच माणसाने करणं ही पुण्याची जुनी रीत आहे. ती आपण पुढे न्यायची.

पाचवी पायरी : तपासणीकडे जाणारे रस्ते

केंद्रप्रमुखाची निम्मी पदं पदोन्नतीने भरतात आणि निम्मी मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने. ही परीक्षाही परीक्षा परिषदच घेते. विस्तार अधिकारी पदासाठी जिल्हा परिषदेची सरळसेवा भरती निघते. तिला पदवी, बी.एड. आणि मान्यताप्राप्त शाळेतला अनुभव लागतो, म्हणून अनुभवाचा दाखला वेळच्या वेळी घेऊन ठेवा. गटशिक्षणाधिकारी आणि उपशिक्षणाधिकारी या वर्ग दोनच्या जागांसाठी लोकसेवा आयोगाकडे जावं लागतं. अटी जाहिरातीगणिक बदलतात. क्लासवाल्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका, जाहिरात मुळातून वाचा.

अभ्यासाला तीन गोष्टी तर लागतातच: २००९चा शिक्षण हक्क कायदा, खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा अधिनियम व १९८१ची नियमावली, आणि माध्यमिक शाळा संहिता. शिक्षण हक्क कायद्यातले आकडे तोंडावर हवेत. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला पस्तिसामागे एक. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस, सहावी ते आठवीला २२०. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका.

भाषेच्या माणसासाठी २०२०चा आणखी एक कायदा महत्त्वाचा आहे. राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं त्याने सक्तीचं केलं. २०२०-२१ला पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बाणेर-वाकडच्या मोठ्या इंग्रजी शाळांत जाऊन 'मराठीचा तास वेळापत्रकात आहे का' एवढंच बघून परतू नका. तासाला बसा. तिथली मुलं मराठी नाटकासारखी पाठ म्हणतात, पण पाणी मागायचं तर इंग्रजीत मागतात. त्या शाळांतल्या मराठीच्या शिक्षिका बहुतेकदा एकट्या पडलेल्या असतात. तुम्ही तासभर बसलात तरी त्यांना बळ येतं.

सहावी पायरी : पहिली शाळाभेट

इथे जरा थांबून सांगते, कारण हे कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.

मी नवी शिक्षिका असताना एक साहेब आले होते. गाडीतून उतरले, कार्यालयात बसले, टाचणं मागवली, प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर सही केली, चहा घेतला, गेले. एकाही मुलाचा आवाज त्यांनी ऐकला नाही. मी रात्री दोन वाजेपर्यंत टाचणं पूर्ण करत बसले होते आणि त्यापायी दुसऱ्या दिवशीचा गोष्टीचा तास बुडाला होता. मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हाच ठरवलं, की मी गेले तर आधी वर्गात जाईन.

परिपाठाच्या आधी पोचा. घंटा होताना शाळा कशी दिसते हे अकरा वाजता पोचणाऱ्याला कधीच कळत नाही. परिपाठाला मुलांच्या मागे उभ्या राहा, पुढे नको. पुढे पाठांतरवाली मुलं असतात, मागे ओठ हलवणारी.

मग वर्ग. खुर्ची नाकारा आणि सतरंजीवर बसा. मुलं स्वतः निवडा. गुरुजींनी पुढे केलेली दोन मुलं नेहमीच छान वाचतात. हजेरीपट घ्या आणि दर पाचव्या क्रमांकाचं नाव पुकारा. मूल घाबरलं असेल तर आधी त्याच्या घरचं काहीतरी विचारा, गाय व्याली का, ताई आली का. आवाज मोकळा झाला की मग पुस्तक.

एकदा खेडकडच्या एका शाळेत तिसरीतल्या एका मुलीने मला पान वाचून दाखवलं. खणखणीत, एकही चूक नाही. मला शंका आली, कारण तिचं बोट ओळीच्या पुढे धावत होतं. मी हळूच पान उलटलं. ती तशीच पुढे वाचत राहिली, मागच्या पानावरचं. तिला अख्खा पाठ तोंडपाठ होता. मधल्या ओळीतला एक शब्द दाखवून विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. त्या मुलीला मी रागावले नाही आणि तिच्या बाईंनाही नाही. न वाचता येणारं मूल पाठ म्हणून वेळ मारून नेतं, कारण त्याला शाळेत टिकायचं असतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत मी स्वतः लिहिलेल्या छोट्या उताऱ्यांचे कागद असत. पुस्तकात नसलेले, मुलांच्या ओळखीच्या शब्दांतले. तुम्हीही असे दहा-पंधरा लिहून ठेवा. बाजार, एसटी, बैलपोळा, वाडीतला कुत्रा, पावसात गळणारं छप्पर, असे विषय घ्या.

उतारा द्या, घड्याळ लावा, मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या 'निपुण भारत' या केंद्राच्या मोहिमेची अपेक्षा अशी: दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, आणि तेही समजून. घड्याळ मुलाला दिसू देऊ नका. मग दोनच प्रश्न: एकाचं उत्तर उताऱ्यात असावं, दुसऱ्याचं मुलाच्या डोक्यात. 'कुत्रा कुठे बसला होता?' आणि 'तो तिथेच का बसला असेल?' दुसऱ्या प्रश्नाला मूल जे बोलेल ते लिहून घ्या, शब्दाला शब्द.

लेखनासाठी सांगा, काल शाळा सुटल्यावर काय केलंत ते चार ओळींत लिहा. नंतर निबंधाच्या वह्या बघा. तीस वह्यांत 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. तो सर्वांना हवाहवासा वाटतो' हेच वाक्य असेल तर लेखन फळ्यावरून झालंय, मुलांनी फक्त उतरवलंय. पुस्तकपेटी उघडा. कोपरे दुमडलेली, मळलेली पुस्तकं दिसली की समाधान माना. कोरी करकरीत पुस्तकं कुलपात दिसली तर चिंता करा.

एवढं झालं, की वीस मिनिटं तुम्ही स्वतः शिकवा. हे टाळू नका. ज्या शिक्षकाला तुम्ही सांगणार आहात त्याने तुमच्या हातात खडू बघितलेला असला पाहिजे. तुमचा पाठ थोडा फसला तरी चालतो, त्याने उलट बोलणं सोपं होतं.

मग कार्यालय. हजेरीपटातला आकडा आणि वर्गातली डोकी जुळतात का, पोषण आहाराची नोंदवही, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं जनरल रजिस्टर, यूडायस या सरकारी प्रणालीत भरलेली शाळेची माहिती. हे सगळं बघायचंच, पण नंतर. आणि मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या: पाणी आहे का, आतून कडी लागते का. कडी नसलेल्या शाळेत सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहतात आणि हजेरीपटावर त्याला 'आजारी' म्हणतात.

शिक्षकाशी बोलणं मुलांसमोर कधीच करू नका. झाडाखाली, एकटं, आणि आधी त्याला बोलू द्या. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, दोन वर्ग एकत्र सांभाळणं, त्याचं खरं आहे. सगळं ऐकून घेतल्यावर एकच गोष्ट सांगा जी तो येत्या सोमवारपासून करू शकेल.

शाल, नारळ, जेवण यांचं काय करायचं, हे नवे अधिकारी मला खाजगीत विचारतात. आपला डबा न्या आणि मुलांच्या पंगतीत बसून उघडा. शाळेचा पोषण आहार चव घेऊन बघा, ती तपासणीच आहे. शाल नारळाला एकदा नम्रपणे नाही म्हटलं, की ती बातमी तुमच्याआधी पुढच्या शाळेत पोचते.

सातवी पायरी : शेरा

निघण्याआधी लॉगबुकात, म्हणजे शाळेतल्या भेटींच्या नोंदवहीत, शेरा लिहायचा असतो. 'अध्यापन समाधानकारक. वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे.' असले शेरे मी शेकड्यांनी वाचलेत. ते कुठल्याही शाळेला, कुठल्याही वर्षी चालतात, म्हणून कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. तुम्ही असं लिहा:

'इयत्ता ३ री, हजर १४. न पाहिलेला उतारा ९ मुलांनी समजून वाचला. तिघे जोडाक्षरापाशी अडतात. दोघांना काना-मात्रा अजून पक्की नाही. या पाच जणांना रोज परिपाठानंतर २० मिनिटे वेगळे घ्यावे, जोडाक्षरांच्या पट्ट्या मी दिल्या आहेत. पाचवीच्या मुलांनी भिंतीवर लावलेले गावाचे वर्तमानपत्र उत्तम, ते चालू ठेवावे. सहा आठवड्यांनी पुन्हा येते.'

मुलांची नावं लॉगबुकात लिहू नका, ती तुमच्या वहीत असू द्या. शिक्षकाचं चांगलं काम मात्र नेमकं, शब्दांत लिहा. पुढे बदलीच्या गावी तो त्या पानाची झेरॉक्स जपून नेतो. आणि प्रमाण मराठीत, सुवाच्य, शुद्ध लिहा. मराठीची बाई म्हणून गेलेल्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर त्या शाळेत तुमचं ऐकणारं कुणी उरत नाही.

सहा आठवड्यांनी म्हणून लिहिलंत तर सहा आठवड्यांनी जा. पावसाळ्यात भोर-राजगडच्या रस्त्यांवर दरड येते, एसटी बंद पडते, मीटिंग निघते. तरी जा. त्या खेडकडच्या शाळेत मी ठरल्या दिवशी गेले तेव्हा ती तिसरीतली मुलगी दारातच उभी होती. माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, "बाई, आज नवा कागद आणलाय ना? जुना मला पाठ झालाय."